दादाची पेढी

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा खोडलं! खेळाच्या पुस्तकातल्या जादूगार व्यापाऱ्यांच्या पेढ्या आमच्या काही कामाच्या नाहीत. सगळ्यांची जहाजं, सगळ्यांची बंदरं. आमच्या खेळातल्या मुलखात समुद्र कुठाय? दादानं पहिल्याच रविवारी बजावलं होतं— ‘सोने, सोलापुरात बसून बोटी कसल्या चालवायच्या बे? माळ कर. ऊन कर.’

म्हणून मीच बदलत बसलेय. मीठ पेढी— तिच्या मिठाला हात लावून दिलेला शब्द मोडता येत नाही. सावली पेढी— झाडांची सावली घडी घालून गाढवांवर लादायची आणि उघड्या माळावर भाड्यानं पसरायची. दादाचं खेळातलं कॅरेक्टर भुजंग याच पेढीचा दलाल. गोडबोल्या, लबाड, आणि सारखा पायी हिंडणारा.

दुपारी दादाचा दोस्त नंदीश आणि माझ्या ऑफिसातली ऋतुजा आले. दादाच्या पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या. आई चहा घेऊन आली आणि आज पहिल्यांदाच तिनं विचारलं, ‘ह्यात जितायचं काय असतंय गं?’ म्हटलं, जिंकायचं काही नसतं. मी गोष्ट सांगते, हे तिघं काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासा सांगतो. आई म्हणाली, ‘मग फुकटच की!’

फुकट नाही. गणपतीत होटगी रोडला टेम्पोनं उडवल्यापासून दादा पडून आहे. कमरेखाली काही हलत नाही. आठवडाभर ‘हं’ आणि ‘नको’. फक्त रविवारी भुजंग तोंड उघडतो आणि दादाचा आवाज परत येतो.

म्हणून तर माझ्यापुढच्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड मी वीस बाजूंचा फासा टाकते. आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. आज चार पडले. मी सतरा सांगितले. भुजंग जिंकला. भुजंग नेहमीच जिंकतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात लक्ष नाही. खाली सात रस्ता चौकातले हॉर्न, समोर विम्याचे क्लेम, डोक्यात पेढ्या. बसवत नाही, उठवत नाही. ऋतुजा शेजारच्या टेबलावरून म्हणाली, ‘दादा परवा जरा गप्प होता ना? जिंकला तरी?’

मला नाही वाटलं तसं. की वाटलं?

९ फेब्रुवारी, रविवार

आज दादा म्हणाला, ‘सावली पेढी सोडली मी. मला माझी पेढी काढायचीय.’

मी खूश! वही पुढं ओढली. सांग.

‘ज्याला जे नको झालंय, ते आमची पेढी घेणार. दुःख, आठवण, नाव, काहीही. बदल्यात त्यानं असं काहीतरी द्यायचं जे परत मिळणार नाही. कधीच. कितीही जादू केली तरी सौदा मोडता येणार नाही.’

नंदीश हसून म्हणाला, ‘अय्यो, तुझ्या पेढीत कोण येणार बे?’

‘येतील की,’ दादा म्हणाला. ‘लई येतील.’

दादाला स्वतःला काय नको झालंय? नको झालेलं टाकायचं. परत न येण्यासारखं. पेन्सिल हातात धरून बसले आणि काही लिहिलंच नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईनं स्वयंपाकघरात ओढून नेलं. ‘आगं, तुझ्या दादानं फिजिओच्या बाईंला येऊ नगा म्हणून सांगितलंय. मला म्हणतुया, सोनीला बोलू नगंस.’

किती दिवसांपूर्वी? ‘गेल्या हप्त्यात.’

आणि आता ही पेढी!

१२ फेब्रुवारी

झोपेच्या गोळ्यांची पट्टी दादाच्या उशाजवळून उचलून माझ्या पर्समध्ये टाकली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर गाडी घराकडे न वळवता शुक्रवार पेठेत नेली. नंदीश त्याच्या दुकानात एकटाच होता. शाळेपासूनचा दोस्त दादाचा, त्याला काहीतरी माहीत असणार. विचारलं— दादा तुझ्याशी काही वेडंवाकडं बोललाय का?

तो चादरींच्या घड्या लावत राहिला. मग म्हणाला, ‘सोनाली, मला कशाला विचारतेस? घरात बसलाय की तो. त्याला विचार.’

रागच आला. सरळ विचारणं एवढं सोपं असतं तर इथं आले असते का?

माझ्या परीनं करते मी. खेळातली ती पेढीच राहिली नाही तर?

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं बिघडवलं मी.

खेळ सुरू होताच राजाचे शिपाई आणले. दादाच्या पेढीला टाळं. जादू जप्त, माणसं पांगली. दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘फासा?’

‘गोष्टीतच तसं आहे,’ मी म्हटलं.

‘फासा न टाकता?’

‘हो.’

त्यानं माझ्या पुढ्यातले फासे ओढून भिंतीवर भिरकावले. एक कपाटाखाली गेला. ऋतुजा उठून उभी राहिली. दादा ओरडला नाही, हळू बोलला, ते जास्त लागलं— ‘कधी जेवायचं तुम्ही ठरवता. कुठल्या कुशीवर वळायचं तुम्ही ठरवता. एवढी एक गोष्ट मी ठरवली होती सोने.’

नंदीश-ऋतुजा चहा न घेताच गेले. आई दारात उभी होती. मग भरलेले कप घेऊन आत गेली.

१७ फेब्रुवारी

दादा बोलत नाही. मीपण नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

रजा टाकली. आई भाजीला गेली तशी दादाच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बसलेसुद्धा नाही.

‘दादा, तुला मरायचंय का?’

बोलून बसले! त्यानं मान खिडकीकडे वळवली. खाली भंगारवाला ओरडत गेला.

‘दवाखान्यात असताना वाटायचं,’ तो म्हणाला. ‘रोज वाटायचं. आता नाही वाटत. गोळ्या तू नेल्यास ना? आण परत, झोप लागत नाही मला.’

मी रडायलाच लागले. मग ती पेढी कशाला काढलीस? फिजिओ का बंद केली?

‘त्या बाई रोज म्हणायच्या, अंगठा हलला, छान प्रोग्रेस. माझा अंगठा मला दिसतो की! हलत नाही तो. वडील असून आण्णापण गावाकडनं फोनवर म्हणतात— पुढच्या खेपेला मेंढरांमागं हिंडायला चल. आई म्हणते, नवस बोललाय. आणि तू...’

‘मी काय?’

‘पडद्यामागं फासे बदलतेस. भुजंग एकदापण हरत नाही. मला काय कळत नाही व्हय? अगं, असा एकतरी सौदा असू दे ज्यात माझं खरंच जाईल. कुणी मागनं येऊन भरून देणार नाही.’

कपाटाखालचा फासा झाडूनं ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. गोळ्या आईकडे दिल्या. रोज एक, तीच देईल. दादा म्हणाला, ‘चालेल.’

२३ फेब्रुवारी, रविवार

पडदा काढून टाकला आज. सगळे फासे पलंगावर, सगळ्यांच्या देखत. दोघं आल्या आल्या मी सांगून टाकलं की मागच्या वेळी मी चुकले, पेढीचं टाळं निघालं.

नंदीश आणि ऋतुजाच्या कॅरेक्टरना दरोडेखोरांनी माळावर घेरलं होतं. सोडवायचं तर भुजंगनं स्वतःच्याच पेढीशी सौदा करायचा. दादानं विचार केला. ‘भुजंगची जीभ लावतो. जमलं तर जीभपण राहील आणि दोस्तपण सुटतील. फसलं तर दोस्त सुटतील, जीभ गेली.’

‘दादा, तो दलाल आहे! बोलण्यावर तर जगतो!’

‘म्हणून तर भाव येईल.’

त्यानं फासा टाकला. दोन!

माझा हात आपोआप पुढं गेला, पुन्हा टाक म्हणायला. मागे घेतला. ‘गेली,’ मी म्हटलं. ‘भुजंग मुका झाला. कायमचा.’

मग दादानं ओठ मिटले, दोन्ही हात वर केले आणि खुणांनीच दरोडेखोरांच्या सरदाराशी गाढवांचा भाव करायला लागला! नंदीश हसून हसून खुर्चीवरून घसरला. सरदार मी होते, मला त्याच्या खुणा कळेनात, मी भलतंच कबूल करून बसले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसण्याचं की कशाचं, विचारलं नाही.

जाताना ऋतुजा जिन्यात म्हणाली, ‘आज खरा खेळलो आपण.’

तरी चैन नाही. जीव कशाची तरी वाट बघतोय.

६ मार्च, गुरुवार

नवीन डॉक्टर. वेळ दादानंच फोन करून घेतली होती. म्हणाला, ‘जे आहे ते सांगा.’ त्यांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि सांगितलं— पाय परत येणार नाहीत.

आई रडायला लागली. दादानं तिचा हात धरला. ‘मला दिवाळीपासून माहीत आहे आई. तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल म्हणून थांबलो होतो.’

मग डॉक्टरांकडे वळून— ‘बरं, चाकाची खुर्ची दाखवा. स्वतः चालवता येईल अशी.’