हरमलच्या मिरचीचा जीन

६ ऑक्टोबर २०२४, डिचोली
सासूबाईंनी हरमलहून मिरचीचं बी आणून दिलं. मूठभर, होतं तेवढं सगळं. त्यांच्या शेतात आता टुरिस्टांच्या स्कूटर उभ्या राहतात. लेकीला, सुमंगलाला, बजावून गेल्या, चार पिढ्यांचं बी, तेवढं जगव.
नुसतं जगवायचं? ताण दिला की रोपाचे झोपलेले जीन जागे होतात. मी मिठाच्या पाण्यावर वाढवीन. खाऱ्या जमिनीत तरारणारी मिरची! डिसेंबरात सेमिनार आहे. अकरा वर्षं हायर सेकंडरीत लेक्चर बेसिसवर शिकवतोय. आता परमनंट करावंच लागेल त्यांना.

७ ऑक्टोबर
सुमंगला म्हणाली, अर्धं बी बाजूला ठेवा. सगळं पेरलं. अर्धवट माणसं अर्धं ठेवतात.

३० ऑक्टोबर
चाळीस रोपं. मिठाचा पहिला डोस.
आमच्या हायर सेकंडरीतल्या रुद्रेशने विचारलं, तुलनेला साध्या पाण्यावरची ठेवलीत ना? येऊन दोन वर्षं झाली, परमनंट आहे. मत्सराचा जीन त्याच्यात जन्मापासून ऑन.

४ नोव्हेंबर
पानं पिवळी. उत्तम. जीन जागे होताहेत. खात्रीला मशीन लागतं म्हणे. मला बघून कळतं.

९ नोव्हेंबर
डोस दुप्पट. पानं गळाली. सुमंगला जेवली नाही. तिची ताण सोसायची ताकद मुळातच कमी.

१६ नोव्हेंबर
उभी रोपं: शून्य. सेमिनारच्या पोस्टरवर 'निवड अत्यंत कडक' असं लिहीन.

२३ नोव्हेंबर, सकाळी ७
एक वाचलं! हिरवंगार! काल संध्याकाळी मी बघितलंच नव्हतं. प्रिन्सिपलना फोन केला. रुद्रेशला मुद्दाम केला. आणखी मीठ घालावं का? नको. शास्त्रज्ञाने दयाही दाखवावी.

१ डिसेंबर
सासूबाई आल्या. अर्धा तास जीन समजावले. त्यांनी पान चुरगळून हुंगलं, म्हणाल्या, ही आमची मिरसांग न्हय.
सुमंगला रडायला लागली. २२ तारखेच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून रोप आणून तिनेच लावलं होतं. आईला कळू नये म्हणून. मला आधी वाटलं, निदान माझ्यासाठी तरी लावलं असेल. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुम्हांला सांगून आजवर काय झालंय?
सासूबाई पूर्वी कुणाकुणाला बी दिलं होतं ते आठवत बसल्या. मग दोघी हरमलला निघाल्या, घरोघरी विचारायला. मीही येतो म्हटलं. म्हणाल्या, तुम्ही नको.
पोस्टर छापून आलंय. रोपाचा फोटो चांगला मोठा आलाय.