ऐकू न आलेला पक्षी

शनिवार, संध्याकाळ. येडशी

आज अखेर बोलून टाकलं. उगाच इतके दिवस जीव जाळला.

या डोंगरातल्या निसर्ग-प्रशिक्षणाला आल्यापासून रोज सकाळी तेच. शिकवणाऱ्या ताई झाडाखाली थांबून विचारतात, "ऐकलंत का?" सगळे मान हलवतात, म्हणून मीही हलवते. मोर ऐकू येतो, तांबट येतो. पण बारीक शीळ असली की मला काहीच नाही. पन्नाशी उलटलेली, कानानं अधू बाई. मी शाळेतल्या पोरांना रान काय दाखवणार?

आज ताईंनी नेमकं मलाच विचारलं, "बाई, चष्मेवाला पक्षी कुठल्या बाजूला बोलतोय?" आता मान हलवून भागणार नव्हतं.

"ताई, मला न्हाय ऐकू आलं. एकदाही न्हाय." म्हणाले खरं, पण मनानं तेव्हाच घरी परतायला कळंबच्या एसटीत बसले होते.

तर शेजारी उभे असलेले येरमाळ्याचे शेतकरी काका म्हणाले, "मलाबी न्हाय. म्या आपला बाईंकडं बघून मान हलवत हुतो."

सगळे पोट धरून हसलो, ताईसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "बारीक आवाज वयानं ऐकू येईनासे होतात. तुम्ही दोघं पानं बघत राहा."

बराच वेळ बघितलं. धावड्याचं एक पान हललं, आणि मागं तो इवलासा पिवळट पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं.

"गातोय का वो?" काकांनी हळूच विचारलं.

"व्हय, गातोय," मी म्हणाले. आवाज आलाच नाही. पण त्याचा गळा थरथरताना स्पष्ट दिसत होता.