तीस घरांचे नळ

देगलूर, मंगळवार

तीर्थरूप आप्पांना करिश्माचा नमस्कार,

मी बरी आहे. खोली चांगली आहे. घरमालकीण तेलुगू बोलते, पण वरण आपल्यासारखंच करते. फोनवर तुम्ही आधी जेवलीस का विचारता आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहिते.

काल एका गावात पाण्याच्या सर्वेक्षणाच्या शेवटच्या घरी रुक्मिणबाई नावाच्या आजींना विचारलं, "घरात नळ आहे का?"

"हाय की, ह्यो काय!"

मी टॅबवर 'हो' दाबलं. 'हो' दाबलं की पाणी कुठून आणता, किती वेळ लागतो, हे प्रश्न येतच नाहीत. त्यांनी दिलेलं तांब्याभर पाणी पिऊन उठले, तर सून सिंधु घागर घेऊन निघालेली. म्हणाली, "नळाला पाणी कुठं हाय ताई? तुमी पिलं ते मी हिरीवरनं आणल्यालं."

त्या गावातल्या तीसही घरांत मी असंच 'हो' दाबलंय. जिल्ह्याच्या आराखड्यात कुठल्या गावाला पाणी द्यायचं, ते यावरूनच ठरणार.

आमच्या साहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, "फॉर्म वर गेलेत. परत गेलीस तर चूक तुझ्या नावावर लागेल. पुढच्या तालुक्याचं काम विसर."

शाळेआधी तुम्ही मला घरी शिकवायचात, तेव्हा उत्तर बरोबर आलं तरी कसं आलं ते विचारायचात. कालपासून तेच डोक्यात आहे.

आईचा गुडघा कसा आहे? काम सुटलं तर तिला लगेच सांगू नका. रविवारी मुरुडला येणं जमणार नाही. उद्या सिंधुच्या घरापासून पुन्हा सुरुवात करते. आता प्रत्येक तोटी मीच फिरवून बघणार.

तुमची लेक,
करिश्मा