दहाचा रवा

कोल्हापूर,
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
आजीचा आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते. इकडं सगळे जागच्या जागी. तुझ्या बापाचा गुडघा दुखतो, तोंड मात्र दुखत नाही. म्हैस व्याली, रेडा झाला. गुऱ्हाळ अजून महिनाभर चालेल. बेंगलोरला भातावर भात खातात म्हणे, तू भाकरी करून खात जा. पीठ मळायला काही इंजिनेर व्हावं लागत नाही.

पत्र बघून हसू नको. चौथी शिकलेली बाई लिहिते म्हटल्यावर काना-वेलांटी चुकणारच. फोनवर सांगितलं असतं, पण फोन तुझा बाप आकाराम लावून देतो आणि शेजारी उभा राहतो. बापासमोर सांगायचं हे नव्हे. शिवाय तू "जेवलीस का, झोप आता" म्हणून मला लहान पोरासारखं वाटेला लावतेस.

एक तारखेला तू त्या कंपनीच्या तीन वर्षांच्या कागदावर सही करणार असं कळलं. त्याआधी हे सगळं वाच.

दोन वर्षं तू गुऱ्हाळामागच्या शेडात ते विमान मांडून बसलीस. मी त्याला उडता मोबाईल म्हणायची, चार्जिंग संपलं की खाली. तू रागावायची नाहीस. मी शेंगा फोडत बसले की वही घेऊन पुढं यायचीस. "ऐक आजी. रिकामं विमान एकशे पंच्याऐंशी किलो, बॅटरी साठ, मी पंचावन्न. झाले तीनशे. साठ किलोवर पंचेचाळीस मिनिटं उडायचं. त्यातली पंधरा राखीव, त्यास्नी हात लावायचा न्हाय."

मी म्हटलं, "मग बॅटरी दुप्पट घाल की."

"बॅटरी वाढली की वजन वाढतंय. वजन वाढलं की पंख मोठा. पंख मोठा झाला की परत वजन, की परत बॅटरी."

हे मला लगेच कळलं. लग्नाच्या जेवणाचं असंच असतं. माणसं वाढली की आचारी वाढतात, आणि आचाऱ्यांची माणसं परत पंगतीला बसतात.

तू स्क्रू तोललेस. रंगाचा डबा रंग लावायच्या आधी तोललास आणि नंतर तोललास. चपलेसकट स्वतःला तोललंस आणि त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात ठेवलीस. एवढं तोलणारी पोरगी, एकच गोष्ट न तोलता घेतलीस. तेच लिहायला बसले आहे आणि म्हशीचं सांगत बसले.

पंख तपासायचा दिवस आठव. वळताना, वाऱ्याच्या झोक्यात पंखांवर वजनाच्या चौपट भार येतो म्हणालीस. तीनशेचे बाराशे. वर भरवशाला दीडपट, अठराशे. एका पंखाच्या वाट्याला नऊशे. हवा खालून उचलते म्हणून पंख उलटा करून भिंतीला जखडला. तुझा बाप राजारामपुरीतलं दुकान बंद करून मुद्दाम आला होता. म्हणाला, "नऊशे पेललं तर मी आयुष्यात बोलणार न्हाय. मोडला तर बेंगलोरची नोकरी." तू म्हणालीस, "कबूल."

वाळूची पोती भरायला घेतली होतीस. मीच म्हटलं, रवे आहेत की गुळाचे, सगळे एका साच्यातले. दहा किलोचे नव्वद मांडले की झालं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, खरंच नव्हतं. मग तू पहिला रवा उचललास आणि थांबलीस. हात शहाणा आहे तुझा. विचारलंस, "आजी, ह्यो दहाचाच न्हवं?"

मी म्हटलं, "दहाचाच की."

दर्शनी, दहाचा रवा हे आमच्या गुऱ्हाळात त्याचं नाव आहे. वजन नाही. तुझ्या आजोबांना कागलच्या एका गिऱ्हाइकानं भर बाजारात सुनावलं होतं, "पावणं, रवा कमी भरला." गूळ वाळून थोडा उतरला होता, एवढंच. पण यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे साचे मोठे करून आणले. तेव्हापासून आमच्या दहाच्या रव्यात अकराच्या आसपास गूळ पडतो. गिऱ्हाईक खूश, आम्ही गप्प. तुझ्या बापानं गुऱ्हाळात कधी पाय ठेवला नाही, त्याला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. तू विचारलंस तेव्हा तोंडात आलेलं मी गिळलं. वाटलं, मोडू दे. लाकूड मोडलं तर परत करता येतं.

त्र्याऐंशी रव्यांपर्यंत पंख नुसता वाकला. चौऱ्याऐंशीवा ठेवला आणि उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज झाला. पंखाचे जोड केलेला बादशहा सुतार मटकन खाली बसला. तू वहीत आकडा लिहिलास, टोपण लावलंस आणि म्हणालीस, "मी हरलो, आजी."

मी काय केलं? चहा टाकला.

तू गेल्यावर मी मनाला समजावलं. पोरगी जिवंत आहे, पगार आहे, चाललंय की. खरं सांगते, तुझ्यासाठी मी तोंड उघडलं नसतं. गेल्या गुरुवारी बादशहा आला. हत्यारं फडक्यात बांधून आणलेली. म्हणाला, "अक्का, ही शेडात ठिवा. तीस वर्षं ट्रकच्या बॉड्या केल्या, एक जोड सुटला न्हाय. पोरीच्या टायमाला सुटला. आता अरबाज बघंल दुकान. मी लाकडाला हात लावणार न्हाय."

त्याचे हात बघितले आणि सांगून टाकलं.

तो म्हणाला, "अक्का, तुम्ही?" एवढंच. चहा तसाच ठेवून गेला. हत्यारं पण तशीच.

शुक्रवारी सकाळी परत दारात, हातात टांगून तोलायचा ताणकाटा. माझ्याशी एक शब्द नाही. तू रव्यांना चिकटवलेल्या नंबरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या, आणि त्यातला एकही रवा मी विकला नव्हता. का नव्हता, ते विचारू नको. आम्ही एकेक टांगला. तो आकडा बोलायचा, मी लिहायची. कुठला दहा आठशे, कुठला अकरा शंभर. पहिल्या त्र्याऐंशी रव्यांचं वजन नऊशे अकरा किलो भरलं. तुला पाहिजे होते नऊशे. तुझा पंख नऊशे अकरा घेऊन उभा होता, पोरी. मग बादशहानं भिंग लावून मोडलेली जागा बघितली. लाकूड तुटलंय, त्याचा जोड जसाच्या तसा आहे. तेव्हा कुठं म्हणाला, "अक्का, चहा करा."

काल आकारामला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "झालं ते बरं झालं की आई. तिला कशाला कळवतीस? पोरगी जमिनीवर हाय."

मी म्हटलं, "तू पण भ्यालास व्हय?"

तो उठून म्हशीकडं गेला. धार काढून झाली होती.

सोबत यादी आहे, नंबरवार. कुठला रवा पंखावर कुठं होता ते तुझ्या वहीत असेल. मी जुळवलंय ते धरू नको, तुझं तू परत मांड. माझ्या तोंडावर एकदा विसंबलीस तेवढं पुरे. मांडल्यावर आकडा पंखाच्या विरुद्ध गेला तर गेला. नोकरी आवडत असेल तर खुशाल कर, तीन काय तीस वर्षं कर. पण हरले म्हणून सही करू नको. नवा पंख करायला बादशहा तयार आहे. हे पत्रही तोच कागलातून रजिस्टर करणार, म्हणजे तुझ्या बापाच्या हातात पडायला नको.

माफी मागत नाही. मागितली की तुला द्यावी लागेल, आणि तू देशील. इतक्या स्वस्तात मला सुटायचं नाही. चिडायचं तेवढं चीड, फोनवर शिव्या घाल, बाप शेजारी असला तरी घाल.

मला भीती अजून वाटते. तू वर गेलीस तर मी शेडाच्या बाहेर येणार नाही, आणि तू उतरलीस हे मला कुणीतरी आत येऊन सांगायचं. ते माझं मी बघते. तू तुझं गणित बघ.

खाली नुसतं आजी लिहिलं की तू सगळं पोटात घालशील, म्हणून पुरं नाव लिहिते.

जाणूनबुजून खोटं बोललेली,
झुंबरबाई जोतीराम चौगुले