कैगुण आणि गुरगुट्या भात

आत्ती, तुमची पणती माझ्या हातचं जेवली. दोन घास न्हवेत, वाटी चाटून पुसून जेवली. हे तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की फोटोतल्या तुमच्या लुगड्याचा रंगसुद्धा उडाला, पण माणूस मेलं म्हणून सगळं माफ होत नाही. जिवंतपणी तुम्ही सासू, तुमच्यापुढं मी पदर सावरून उभी राहायचे, तोंड उघडायची सोय नव्हती. आता ती सोय तुम्हाला नाही. तेव्हा गप ऐका. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाकडंतिकडं येणार. तुम्हाला तेवढंही वाचता येत नव्हतं, म्हणून लाजायचं कारण नाही.

मी कागलाकडच्या खेड्यातली, कानडीचा एक शब्द कधी कानावरून गेला नव्हता. तुम्ही सीमेवरच्या सदलग्याची लेक. घरात मराठी, पण गल्लीतली बाई दारात आली की तुमची जीभ कानडीत वळायची. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी लावलेलं विरजण लागलं नाही. त्या थंडीत कुणाचं लागत होतं? पण तुम्ही ते पातेलं गल्लीभर दाखवलंत, आणि तिथून पुढं कुणीही आलं की माझ्याकडं हनुवटी करून म्हणायचात, "इकी कैगुण छलो इल्ल नोडव्वा." मागचं पुढचं मला कळायचं नाही. मधलं तेवढं कळायचं, काय गुण! मला वाटायचं, आत्ती तोंडावर गोड बोलत नसतील, पण लोकांत माझं कौतुक करतात, पोरीचे काय गुण सांगू म्हणून. मी लाजायचे. खाली बघून हसायचे. एकदा तर तुम्ही असं बोलल्यावर समोरच्या बाईच्या पायासुद्धा पडले. ती बाई घरी जाऊन काय म्हणाली असेल, ते आठवलं की अजून कान तापतात.

वर्षभर मी अशी हसत होते. मग बोरगावची कासारीण बांगड्या भरायला आली. ती माझ्या हाताचं हाड दाबून बांगडी सरकवतेय, आणि मागच्या दाराला जाता जाता तुम्ही तेच वाक्य टाकून जाता. मी हसते. कासारीण थांबते. "हसतीस काय गं?" म्हणते. "आत्ती माझं गुण सांगत्यात," मी म्हणते. "अगं येडे, कैगुण म्हंजे काय गुण न्हवं. कै म्हंजे हात. हिचा हातगुण बरा न्हाय म्हणत्यात तुझी सासू." आणि तेवढ्यात बांगडी गपकन आत गेली. डोळ्यांत पाणी का आलं म्हणून तुम्ही विचारलंत, तर मी म्हणाले, बांगडी दुखली. त्या दिवसापासून मी कानडी शिकायला लागले. आज बेळगावच्या बाजारात मी भाजीवालीशी कानडीत अशी भांडते की ती तराजू खाली ठेवते. तेवढं मात्र तुमच्यामुळं झालं, नाही म्हणणार नाही.

पोरगं झालं. उष्टावणाला माझ्या भावानं, त्याच्या मामानं, खिरीचं बोट लावलं आणि माणसं पांगल्यावर तुम्ही सांगितलंत, "रांधायचं ते रांध. माझ्या नातवाला ह्या हातचं भरवायचं न्हाय." नाचणा मी भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचा, मंद भाजायचा, जात्यावर दळून जुन्या धोतराच्या कापडातून चाळायचा. त्याचं सत्त्व चुलीवर ढवळत मीच उभी. भात-डाळ घोटणारी मीच. आणि वाटी तयार झाली की तुम्ही सोप्यातून हात पुढं करायचात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाटी माझ्या हातातून तुमच्या हातात. मला आजवर कळलेलं नाही आत्ती, चुलीपाशी चांगला असलेला हात उंबऱ्यापाशी वाईट कसा होत होता? तुम्ही स्वतः मरेपर्यंत ह्याच हातच्या भाकऱ्या खाल्ल्यात. तेव्हा कैगुण घशात अडकला नाही.

तुम्ही पुढच्या दारात पाय लांब करून बसायचात, पोर मांडीवर, तोंड गल्लीकडं. "बघा बघा, आज्जीच्या हातचं कसं खातंय." मला आतून पोराचं डोसकं मागनं दिसायचं. घास गेला की हलायचं, तेवढंच. एकदा तुम्ही शेजारी गेला होता. वाटी चुलीजवळ, पोर रांगत आलेलं, मी घास उचलला. त्यानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही आलात आणि माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की घास जमिनीवर पडला. दुसऱ्या दिवशी पोराला जुलाब झाले. दात येत होते त्याला, हिरड्या सुजलेल्या मी दाखवल्या. पण तुम्हाला पुरावा मिळाला. तुमचा लेक मला म्हणाला, "आई म्हणती तसं कर की. कशाला वाद?" झालं. मी वाद केला नाही. पोर शाळेच्या वयाचं झालं, आपल्या हातानं जेवायला लागलं, आणि माझी ती वेळ गेली ती गेलीच.

आता तुमचा तोच नातू बेळगावात हापिसात आहे. मी त्याच्याकडंच असते. त्याची पोरगी वर्षाची व्हायला आली, पण दुधापलीकडं काही घेईना. ओठ असे मिटायची की चमचा शिरायला फट नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन मागं पडतंय, आता अन्न गेलंच पाहिजे. सून कॉलेजात शिकवते, तिची रजा संपत आलेली. एका दुपारी ती ओट्याला टेकून म्हणाली, "आई, ही अशीच राहिली तर मी राजीनामा देते." तिनं त्या नोकरीसाठी किती परीक्षा दिल्या ते मला ठाऊक आहे. पोरीचं अंग आणि आईची नोकरी, दोन्ही त्या मिटलेल्या ओठांवर येऊन थांबलं होतं.

सगळं करून झालं. सत्त्व झालं, गाजर वाफवून झालं, राजगिऱ्याची खीर झाली, रताळं कुस्करून झालं. सून मिक्सरमधून गंधासारखं काढायची, रबरी चमच्यानं द्यायची, पोरगी फुर्र करून माझ्या चष्म्यावर उडवायची. मी रांधून द्यायचे आणि लांब उभी राहायचे. सवयच ती. मग सून म्हणाली, "आई, तुम्ही ह्यांना लहानपणी कसं भरवत होता? तसं बघा की जरा करून."

"मी न्हाय भरवलं."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाय भरवलं. एक घास न्हाय."

मग मी सांगितलं, आत्ती. विरजण, कासारीण, उंबरा, चापट, सगळं. तुमच्या घरच्या गोष्टी बाहेर सांगू नयेत असं तुम्ही शिकवलं होतं. सांगितल्या. सुनेनं हाय-हाय केलं नाही. एवढंच विचारलं, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तुझ्यासारकी नोकरी हुती व्हय मला, उठून चालू लागायला?"

तिनं वाटी माझ्याकडं सरकवली. "मग आता भरवा. फक्त घास आधी आपल्या ओठाला लावून बघा, गरम आहे का. आणि तिच्या मागं लागू नका. तिला हात घालू दे, सांडू दे." सुनेनं सासूला भरवायला शिकवलं. तुमच्या राज्यात असं कधी ऐकलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी गुरगुट्या भात केला. तांदूळ आणि मुगाची डाळ, पाणी भरपूर, वर तूप. मीठ नाही, डॉक्टरीणबाईंनी वर्षाच्या आत नको सांगितलंय. मिक्सर लावला नाही, पळीनंच घोटला, शितं जरा बोटाला लागतील एवढी ठेवली. खाली बसले, पोरगी मांडीवर. आणि खरं सांगू, साठीच्या पुढची बाई मी, दोन म्हशी आणि तुमच्यासारखी सासू सांभाळलेली, पण हात दोनदा पदराला पुसला. माझ्या हातालाही ही तोंड मिटणार आणि तुमचं खरं होणार, असंच वाटत होतं. घास उचलून मी ओठाला लावला. गरम होता, म्हणून फुंकर घातली आणि खाऊनच टाकला. दुसरा उचलला, तोही खाल्ला. पोरगी टक लावून बघतेय. तिनं माझ्या हनुवटीला धरलं, ओठ ओढले, आत काय चाललंय म्हणून बोट घातलं. मग मी तिसरा घास पुढं केला तर टपालपेटीसारखं तोंड वासलं! घास आत. मी थांबले, थुंकेल म्हणून. थुंकली नाही. बोळक्या तोंडानं चघळत ती माझ्या डोळ्यांत बघत होती, जसं काही मीच काहीतरी चमत्कारिक करतेय. वाटी संपली. दारात सून उभी होती, तिनं येऊन वाटी उलटी करून बघितली.

पोरगी रोज जेवायला लागली. एका संध्याकाळी तुमचा नातू हापिसातून आला, बूट काढता काढता बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, अगदी आज्जीसारखं भरवतीस गं. आज्जीच्या हातचं काय लागायचं! अजून जिभंवर हाय."

बघा आत्ती, मेल्यावरही वाटी ओढून घेतलीत.

"जिभंवर हाय ते माझं हाय," मी म्हणाले. "भाजायची मी, दळायची मी, घोटायची मी. तुझ्या आज्जीनं नुस्ता हात हलवला." आणि त्यालाही विरजणापासून सांगत गेले. तो म्हणाला, "आई, मेलेल्या माणसाबद्दल असं..." मी म्हणाले, "मेलं म्हणून खोटं खरं हुतं व्हय रं?" तो तुमच्या फोटोकडं बघत बसला. त्याचा तुमच्यावर लई जीव. त्याला लागलं, ते मला दिसलं, आणि मी थांबले नाही. राहिलेलं होतं ते चापटीचंही सांगितलं.

एवढ्यानं भागलं नाही. पितरांचा म्हाळ आला. तुमच्या नावाचं पान वाढायचं होतं. कटाची आमटी, पुरणपोळी, भजी, सगळं केलं होतं घरच्यांसाठी. तुमच्या पानावर मी गुरगुट्या भात वाढला, मीठ न घातलेला. नातू म्हणाला, "आई, आज्जीला पुरण आवडायचं." मी म्हणाले, "दात कुठं हुते त्यास्नी? मऊच बरं." सून तोंडाला पदर लावून आत पळाली, ओढणी होती खरं तर. पान घेऊन मी गच्चीवर गेले. इमारतींच्या गर्दीत कावळा यायला उशीर लागतो, शेजारचे तासभर काव काव करत बसतात. तुमचा थेट आला. पहिली चोच भातात. मी वाकून विचारलं, "कैगुण छलो ऐतेनव्वा?" हातगुण बरा आहे का बाई? तो एक डोळा वाकडा करून बघत राहिला, आणि परत भातच खाल्ला. त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या जास्त जेवले.

सुनेची रजा संपायच्या आदल्या दिवशी मी वाटी घेऊन बसणार, तर ती जवळ आली आणि म्हणाली, "आई, आज मी भरवू का?" तिच्या पोटची पोर, आणि ती मला विचारते, भरवू का. मी वाटी दिली, पोरगी दिली आणि कपडे घड्या करायला बाल्कनीत जाऊन बसले. आईच्या हातचंही ती जेवली. तेवढंच तोंड वासून, तेवढंच डोळ्यांत बघत. माझ्याकडं एकदासुद्धा वळून बघितलं नाही.

तिथं बसून मला एक गोष्ट उमगली. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही अडाणी, शकुन-अपशकुन मानणाऱ्या, तुम्हाला काय कळतंय आपण काय करतोय ते. पण घास घेताना लेकरू कसं बघतं, ते मी आता बघितलंय. तुम्ही ते रोज बघत होता, वर्षानुवर्षं, पुढच्या दारात बसून. विरजण नव्हतं तुमच्या मनात, कैगुणही नव्हता. काय घेताय ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते कुणाचं होतं तेही. आधी वाटायचं, आपण मरताना तरी सोडून द्यावं हे सगळं. आता नाही सोडणार.

हा कागद कुणाला दाखवायचा नाही, म्हणून शेवटचं तेवढं खरं लिहिते. सून वाटी मागायला आली तेव्हा मी वाटी दिली, पण माझी बोटं लगेच सुटली नाहीत. तिला जरा ओढून घ्यावी लागली.