तंबूतल्या वीराला ताप आला

१ जून
सलूनमध्ये अपमान झाला. माझा नाही, संस्थेचा. पण ‘लोकध्वनी’ रेडिओच्या सांगली केंद्राचा कार्यक्रम अधिकारी म्हटल्यावर संस्था म्हणजे जवळपास मीच.
गाणी संपून आमच्या बातम्या लागल्या आणि कोंडीबाने रेडिओ बंद केला. माझ्या तोंडाला फेस, बोलता येईना. दाढी झाल्यावर सहज विचारल्यासारखं कारण विचारलं. म्हणाला, “तसं खोटं काय सांगत न्हाईत, सायेब. पर खरं बी सांगत न्हाईत. मग कशाला बॅटरी घालवायची?”
मी कोण ते त्याला सांगितलं नाही. याला विनय म्हणतात.
संकल्प : सरकारी रेडिओवरचा लोकांचा विश्वास परत आणणार. कसा ते उद्या ठरवतो.

३ जून
काल वेळ झाला नाही. आज सुचलं. प्राचीन ग्रीक महाकाव्य!
कारण सरळ आहे. दहा वर्षांचं युद्ध. सांगणारा कवी ग्रीकांचा. तरी शत्रूचा माणूस पडला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं सांगतो आणि त्याच्यासाठीही हळहळतो. म्हणून हजारो वर्षं लोकांनी विश्वास ठेवला. यालाच तर पब्लिक ब्रॉडकास्टिंग म्हणतात. ट्रान्समीटर नव्हता एवढंच.
कॉलेजात इंग्रजी भाषांतर चाळीस पानं वाचलं होतं. उरलेलं नेटवर सारांशरूपाने वाचलं. आत्मा सापडला.
तेरा भाग, दर रविवारी सकाळी. मालिकेचं नाव ‘दोन्ही बाजू’.
संकल्प : दबावाखाली एक शब्दही बदलणार नाही. क्रांतीला हे सांगितलं. पोळी उलटत म्हणाली, दबाव आणायला आधी कुणाला तरी तुमचं नाव माहीत असायला हवं. बायको असली की माणूस जमिनीवर राहतो, असं ती समजते.

६ जून
प्रियदर्शनी मॅडमनी प्रस्ताव मंजूर केला. मॅडम केंद्रप्रमुख, मूळच्या साताऱ्याच्या, सही करण्यापूर्वी पेनाचं टोपण तीनदा लावतात. म्हणाल्या, पावसाळ्यानंतर महापालिकेची निवडणूक आहे, कुणाला लागणार नाही ना?
मी हसलो. ग्रीक लोकांचा सांगलीत वॉर्ड नाही, असं म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

१० जून
कलाकार मिळाला. केरबा. आटपाडीकडचा, धनगरी ओव्या म्हणतो. मला वाटलं होतं साधाभोळा असेल. आला तो काळा गॉगल लावून, स्वतःच्या जीपमधून, स्वतःच्या यूट्यूब चॅनेलचं स्टिकर काचेवर मिरवत. ढोल मागच्या सीटवर, त्यालाही सीटबेल्ट.
सगळी गोष्ट सांगितली. मन लावून ऐकली. मग विचारलं, “ह्यात आपली बाजू कंची?”
मी म्हणालो, कुठलीच नाही. दोन्ही आपल्या.
म्हणाला, “लय अवघड हाय, सायेब. पर लय भारी हाय.”
मालिकेत त्याचं नाव माझ्या आधी यावं, अशी अट घातली. तत्त्वाचा प्रश्न होता, स्पष्ट नकार दिला. त्याने ढोल परत जीपमध्ये ठेवला. मग तत्त्वाचा नव्याने विचार केला.

१८ जून
पहिलं रेकॉर्डिंग. राजा आपल्याच सर्वांत मोठ्या वीराला मिळालेलं बक्षीस हिसकावून घेतो आणि वीर रागाने तंबूत जाऊन बसतो, लढणार नाही म्हणतो. केरबाने असं काही म्हटलं की रेकॉर्डिंगवाली रेश्मा मशीन बंद करायचं विसरली. माझं लेखनही चांगलं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण जाणवलं असणार.

२२ जून
प्रसारण झालं. तीन फोन आले. एक कराडहून, भरभरून कौतुक. बाकीचे दोघे गॅस एजन्सी शोधत होते. सुरुवात म्हणून उत्तम.

२४ जून
आबासाहेबांच्या ऑफिसातून फोन. आबासाहेबांना या वेळी तिकीटवाटपात कुणी विचारलं नाही, म्हणून ते पंधरवडाभर महाबळेश्वरच्या बंगल्यावर बसून आहेत, हे सगळ्या शहराला माहीत आहे. माझ्या लक्षात नव्हतं.
त्यांच्या पीएने अतिशय अदबीने विचारलं, तंबूत रुसून बसलेला तो वीर कोण?
म्हणालो, ग्रीक.
तो म्हणाला, “ते बरोबर हाय सर. पन ग्रीकांना ही बातमी दिली कुनी?”
मी ठाम राहिलो. त्याने माझं पूर्ण नाव विचारून घेतलं. (क्रांतीला संध्याकाळी मुद्दाम सांगितलं. नाव आता माहीत झालंय.)
मग निव्वळ कलेच्या अंगाने विचार केला. रुसवा हा तसा स्थिर प्रकार. नाट्य नाही. तापात हालचाल असते. थंडी, घाम, पथ्य.
निर्णय : वीर रुसलेला नाही. त्याला ताप आलाय. हा दबाव नव्हे. त्यांनी फक्त विचारलं, बदल मला सुचला.

२६ जून
केरबाला तापाचं सांगितलं. गॉगल काढून माझ्याकडे बघत राहिला. “मग गोळी द्या आन् लढाईला लावा की. धा वरसं कशाला थांबायचं?”
कलाकारांना रचनेची गुंतागुंत कळत नाही. पण म्हटलं त्याने. तापाच्या ओवीला ढोल फार मोठ्याने वाजवला, ते मुद्दाम वाटलं.

१ जुलै
आता भाऊसाहेबांकडून फोन. तिकिटं यांनीच वाटली. यांचं म्हणणं, वीर आजारी असेल तर असो, आमची सहानुभूती आहे. पण राजा दुसऱ्याचं हिसकावून घेणारा का दाखवलाय?
योग्य मुद्दा. पुढच्या भागात खुलासा घातला : राजाने ते बक्षीस हिसकावलं नव्हतं, सुरक्षित राहावं म्हणून ताब्यात घेतलं होतं.
एक बदल यांच्यासाठी, एक त्यांच्यासाठी. काटेकोर समतोल. मालिकेचं नाव आता खऱ्या अर्थाने सार्थ झालं.

१३ जुलै
चौथा भाग. वीराला ताप, राजा सज्जन. रेश्माने विचारलं, सर, मग युद्ध कशावरून चाललंय? तिला म्हटलं, पुढे कळेल. रात्री मी स्वतःही त्याचा विचार केला.

१६ जुलै
आजचं रेकॉर्डिंग लिहून ठेवलं पाहिजे.
शत्रूचा म्हातारा राजा. ताप उतरलेल्या वीराने त्याचा मुलगा युद्धात मारलाय आणि प्रेत वीराच्या तंबूत पडून आहे. म्हातारा एकटा, निःशस्त्र, शत्रूच्या छावणीत जातो. ज्या हातांनी पोराला मारलं त्याच हातांना ओठ लावतो आणि म्हणतो, माझं लेकरू मला दे. वीराला स्वतःचा बाप आठवतो. मग दोघं शेजारी बसून रडतात.
केरबाने ढोल बाजूला ठेवला. नुसत्या आवाजात म्हटलं. रेश्मा रडली. चहावाला दारात थांबला, चहा गार. माझ्या डोळ्यांत एसीमुळे पाणी आलं.
हेच. याचसाठी केला होता हा सगळा उद्योग.

१८ जुलै
काळजी वाटू लागली. सध्याचं वातावरण बघता शत्रूच्या बापाबद्दल एवढी सहानुभूती? मॅडमकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच ठरवा.”
सरकारी नोकरीत यापेक्षा भयंकर वाक्य नाही. ‘कापा’ म्हणाल्या असत्या तर मी कडाडून विरोध केला असता. तशी तयारीही होती.
ठरवलं. प्रसंग कापला. त्या जागी बासरी आणि महाकाव्यातली जहाजांची लांबलचक यादी.
कोणीही फोन केलेला नव्हता. हे लिहिताना बरं वाटतं, निर्णय पूर्णपणे माझा होता.

२० जुलै
प्रसारणानंतर दोन तासांत केरबाची जीप दारात. चप्पल न काढता आत आला.
“सायेब, दोनी बाजू म्हनला हुता न्हवं तुमी?”
मी त्याला समजावलं. संवेदनशीलता, काळ, जबाबदारी.
म्हणाला, “दुसऱ्याच्या पोराचं मडं दिसलं न्हाई तर ही निस्ती हानामारी हाय. तसली तर आमच्या गावात रोज हुती. त्याला ग्रीक कशाला पायजेत?”
पुढचं रेकॉर्डिंग करणार नाही म्हणाला. ढोल घेऊन गेला. क्रांतीने त्याला चहासाठी थांबवलं, तर तिच्याशी मात्र छान बोलला. तो गेल्यावर ती म्हणाली, माणूस खरा वाटतो. मी म्हणालो, मी पण खराच आहे. ती कपबशा विसळायला गेली.

२७ जुलै
सलून. केरबाने तो कापलेला प्रसंग सगळा आपल्या चॅनेलवर टाकलाय. कोंडीबाने मोबाइल आरशाला टेकवून लावला. दुकानातली पाचसहा माणसं आरशाभोवती जमली. म्हातारा हाताला ओठ लावतो तिथे कोंडीबाचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. कितीतरी वेळ.
मी म्हणालो, आवाज चांगला आहे, पण निर्मितिमूल्यं कमी पडतात.
कुणी ऐकलं नाही.

३ ऑगस्ट
लाकडी घोडा. एका अपक्षाला घोडा चिन्ह मिळणार अशी चर्चा आहे म्हणे. शिवाय घोड्यात लपून आत येणं आणि मग दरवाजे उघडून देणं, यावर किमान चार नगरसेवक हरकत घेतील. आता कुणाच्या फोनची वाट बघत नाही, अनुभव आलाय. घोडा काढला. स्वतःच वाचलं : “आणि मग शत्रूंनी वेशीबाहेर एक मोठी लाकडी वस्तू ठेवली.”
रेश्मा हसली. खोकला होता म्हणाली.
एकही तक्रार नाही. पूर्ण यश.

१५ ऑगस्ट
पाऊस थांबेना. कोयनेतून विसर्ग वाढवला. मालिका तात्पुरती बंद, पूरवार्तापत्राची जबाबदारी माझ्याकडे. अशा वेळी लोकांना विश्वासाचा आवाज लागतो, असं मॅडम म्हणाल्या. किंवा दुसरं कुणी रजेवरून आलेलं नाही, असंही म्हणाल्या.

१७ ऑगस्ट
पाटबंधारेकडून आकडा आला. कृष्णेने इशारा पातळी ओलांडली, आणखी वाढणार. पाठोपाठ एक फोन. कुणाचा ते नीट कळलं नाही. उद्या मोठे पाहुणे दौऱ्यावर आहेत, लोक घाबरतील असं काही नको.
मी लिहिलं : “नदीची पातळी समाधानकारक असून नागरिकांनी निश्चिंत राहावे.”
रेश्मा म्हणाली, सर, नदीकाठी माणसं राहतात. मी म्हणालो, मीही नदीकाठीच राहतो, तळमजल्यावर. तिने वेगळ्याच नजरेने पाहिलं. आदर असावा.
वाचन उत्तम झालं. आवाजात आश्वासकता होती.

१८ ऑगस्ट
घरी आलो तर गल्लीत टेम्पोंची रांग. गाद्या, फ्रिज, सिलिंडर. शेजारचे आकाराम आजोबा दोरी आवळत होते. विचारलं, कुणी सांगितलं निघायला?
“आवं, तुमच्याच रेडिओनं! निश्चिंत ऱ्हावा म्हनला. ते ऐकलं आन् पोराला म्हनलं, आवर, टेम्पो बघ.”
मी खुलासा करू लागलो. ते टेम्पोत चढले.
क्रांतीचीही बॅग तयार. विश्रामबागेत, तिच्या बहिणीकडे, साक्षीकडे जाऊया म्हणाली. मी नकार दिला. ज्याने वार्तापत्र वाचलं त्यानेच त्यावर विश्वास ठेवला नाही तर कोण ठेवणार?
ती दारातून वळून म्हणाली, “अहो, तुम्हीच लिहिलंय ते.” मग गेली.

१९ ऑगस्ट
पहाटे पलंगाखालच्या चपला तरंगत खोलीच्या मध्यभागी आल्या. दुपारी गच्चीवरून बोटीने सुटका. सगळ्या गल्लीत मी एकटाच.
बोटीवरच्या पोरांनी विचारलं, काका, तुम्ही का थांबलात? म्हणालो, रेडिओवर ऐकलं होतं.
बोट हलेपर्यंत हसली. एकाने तर वल्हं सोडलं. मीही थोडा हसलो, उगाच वेगळं दिसायला नको.

२० ऑगस्ट
साक्षीच्या घरात सासरचे पाहुणे भरलेत, म्हणून क्रांती आणि मी जवळच्या शाळेतल्या निवारा केंद्रात. तळमजल्यावरचा मोठा हॉल, पूर्ण भरलेला. रात्री ती माझ्याशी बोलली नाही, पण स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली.
सकाळपासून अफवा. पाणी इथपर्यंत येणार. लहान मुलं रडतायत, बाया बोचकी बांधतायत, कुणाला धड घास जाईना. क्रांतीही दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन येते.
दुपारी रेश्माचा फोन. पाणी उतरायला लागलं. तिने स्वतः पुलापाशी जाऊन पाहिलं होतं. मी दोनदा विचारलं. आकडा होता तसा लिहून घेतला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.
बाकावर उभा राहिलो. आवाज लावला. “नदीचं पाणी उतरू लागलं आहे. इथे कसलाही धोका नाही. नागरिकांनी निश्चिंत राहावं.”
कोपऱ्यातल्या हरणाबाई नावाच्या आजींनी मान वर केली. “आगं बया, ह्यो त्यो रेडिओतला!”
आवाज ओळखला. खरं सांगायचं तर छाती भरून आली.
मग आजी उठल्या. अंथरूण गुंडाळलं. “चला गं, वरच्या मजल्यावर.”
सगळा हॉल उठला. मी म्हणालो, आजी, शपथेवर सांगतो, खरं आहे हे. मी आकडा दाखवला. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “व्हय रं बाबा, खरं असंल. ती पेटी जरा धर की.”
क्रांतीला शोधलं. ती जिन्याच्या मधल्या वळणावर होती, आमची बॅग घेऊन. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि वर गेली.
मी पेटीची एक कडी धरली, आजींनी दुसरी. जड होती.
पाणी खरंच उतरत होतं.