आईच्या बोटातला पुष्कराज

इंदापूर,
फेब्रुवारी १९९७

प्रिय तात्या,

‘तीर्थरूप’ लिहायला हात धजला नाही, म्हणून प्रिय. तुमचं पत्र पोचलं. अक्षर शेजारच्या सावळारामकाकांचं दिसलं तेव्हाच ओळखलं, की तुमच्या डोळ्यांनी दगा दिला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, समोरचा माणूस अर्धाच दिसतो, आणि डॉक्टर म्हणाले की पुण्याला जाऊन लवकर ऑपरेशन केलं नाही तर राहिलेली नजरही जाईल. मी तुम्हाला न्यावं, असं लिहिलंत. हे पत्रही सावळारामकाकाच वाचून दाखवतील. दुकानात गिऱ्हाईक असताना वाचायला सांगा, जरा मोठ्यानं.

आमचा स्टुडिओ कसा चाललाय विचारलंत. बरा चाललाय. लग्नसराईत तुमचे जावई, कुंडलिक, व्हिडिओ काढतात आणि मी फोटो. पण खड्यांचे फोटो काढण्यातली गंमत नवरा-नवरीत नाही, हे कबूल. तुम्ही मेंढरं विकून बारामतीत भाग्यरत्नांचं दुकान घातलंत, ते नावारूपाला आलं माझ्या फोटोंवर. लेन्स उलटी लावायची, म्हणजे हरभऱ्याएवढा खडा फोटोत ताटलीएवढा दिसतो. माणकाखाली काळी मखमल, पाचूमागे केळीचं ओलं पान. बल्बपुढे बटर पेपर धरला की उजेड मऊ होतो, आणि काचेखालून बॅटरी मारली की मेलेला खडासुद्धा पेटून उठतो. ती बॅटरी आई धरायची. कितीही वेळ लागो, तिचा हात हलायचा नाही. तुमच्या संसारात तिला तेवढीच एक करमणूक होती, असं मला वाटतं.

छातीतली गाठ तिनं मला अशाच एका दुपारी दाखवली, बॅटरी बाजूला ठेवून. डॉक्टरांनी तिलाही पुण्यालाच न्यायला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “कापली की पसरती. तिचा गुरू कमजोर हाय, पुष्कराजानं गाठ इरघळंल.” मी भांडले, तर म्हणालात, “तू फोटूचं बघ.” मग तिच्या इरकली लुगड्याच्या पदरावर तोच पुष्कराज ठेवून तुम्ही माझ्याकडून फोटो काढून घेतलात. खड्याच्या आत एका कोपऱ्यात पिसासारखी चीर होती, खालून उजेड दिला की सोनेरी व्हायची. आईला ती फार आवडली. मग खडा अंगठीत बसवून तुम्ही तिच्या बोटात घातलात. तो फोटो मोठा करून तुम्ही गल्ल्यामागे लावलात. आई आतल्या खोलीत कण्हायची आणि तुम्ही बाहेर सांगायचात, आमच्या मंडळींना ह्याच खड्याचा गुण येतोय. तिचा आवाज वाढला की आत येऊन म्हणायचात, “गिऱ्हाईक हाय बाहेर.” मग ती तोंडात पदर धरायची. मी पाहिलंय ते. दिवाळीच्या तोंडावर गेली, तेव्हाही तिनं तुमच्या धंद्याला त्रास दिला नाही.

अंगठी तिच्याबरोबर गेली, असं मी धरून चालले होते. गेल्या महिन्यात तुम्ही ‘नवा माल’ म्हणून काही खडे फोटोला पाठवलेत. त्यातला पुष्कराज मी काचेवर ठेवला, खालून बॅटरी मारली, आणि लेन्समध्ये तीच चीर दिसली. आतली खूण दोन खड्यांत सारखी नसते, तात्या. तुम्हाला वाटलं असेल, लेकीला काय कळतंय. आईला उचलायच्या आधी तुम्ही तिच्या बोटातून अंगठी काढून घेतलीत. माणसं बाहेर तिरडी बांधत होती आणि तुम्ही म्हणाला होतात, मला जरा तिच्यापाशी एकट्याला बसू द्या. त्यावर सगळ्यांना रडू आलं होतं. मलाही आलं होतं, त्याचीच आता चीड येते.

परवा कन्हेरीला एका लग्नाचे फोटो काढत होते. नवरीच्या आत्याच्या, ठमाबाईंच्या, बोटात मी तुम्हाला परत पाठवलेला तोच खडा दिसला. मी चौकशी केली. त्यांच्याही छातीत गाठ आहे. तुम्ही त्यांना गल्ल्यामागचा फोटो दाखवलात आणि सांगितलंत, की ह्याच खड्यानं आमची बायको बरी झाली, आता माहेरी गेलीय. बिचाऱ्या मलाच विचारत होत्या, “तुमची आई आता बरी हाय न्हवं?” मी त्यांना आई कुठे गेली ते सांगितलं.

मंगळवारी सकाळपासून स्टँडवर येऊन बसतो, असं तुम्ही लिहिलंत. त्यासाठीच हे पत्र, नाहीतर लिहिलं नसतं. मंगळवारी कुंडलिक आणि मी जीप घेऊन पुण्याला निघालोय. ठमाबाईंना कन्हेरीतून घेणार, त्यांचं दवाखान्यात नाव लावून झालंय. जीप बारामतीत तुमच्या स्टँडवरूनच जाईल. मागची सगळी जागा रिकामी आहे. तुम्हाला जीप ओळखू येईल की नाही कोण जाणे, मला मात्र तुम्ही लांबूनच दिसाल. आम्ही थांबणार नाही.

तुमचीच,
मनिषा